उंबराचा चीक

उंबराच्या खोडाला भल्या सकाळी कोयत्याचं टोक लावलं की चीक येतो. आधी दुधासारखा पातळ, मग हवा लागली की घट्ट. दोन बोटांत धरून बोटं उघडमीट केली तर तार निघते. वडाचा, पिंपळाचा, फणसाचाही असाच. फणस चिरताना बायका हाताला नि विळीला तेल लावतात, ते याच्याच धाकानं. झाडाला चीक हवा असतो तो जखम झाकायला आणि पोखरणाऱ्या किड्याचं तोंड चिकटवायला. माणसानं त्यातून पाखरू धरायची युक्ती काढली.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्यांवर मी नोकरीची सगळी वर्षं काढली. डोळखांब, किन्हवली, टोकावडे या बाजूंना. कातकरी नि ठाकरांची पोरं माझ्या वर्गात बसली, आणि चिकाच्या काड्या मी त्यांच्याच घरच्या वडीलधाऱ्यांकडे पाहिल्या. चीक बांबूच्या नळकांड्यात गोळा करायचा, तेल घालून मंद विस्तवावर आटवायचा, आणि गोळा धरू लागला की बारीक कामट्यांना वळून घ्यायचा. फाल्गुन-चैत्रात ओहोळ आटले की लोक कोरड्या पात्रात खड्डा खणतात, त्याला आमच्याकडे डवरा म्हणतात. पाणी हळूहळू झिरपून भरतं. माणसं भरून गेली की तिथे पाखरं उतरतात. काड्या त्या पाण्याच्या कडेला तिरक्या रोवायच्या. तहानलेलं पाखरू सरळ पाण्यावर उतरत नाही, आधी जवळपास कुठंतरी टेकतं. टेकलं की पाय धरला जातो. फडफडलं की पंख. जेवढी धडपड जास्त तेवढा चीक जास्त.

या सगळ्यात मला पहिल्यापासून एक गोष्ट सुचत नि सलत आली आहे. उंबर कोण लावतं? माणूस क्वचितच. वड-पिंपळ-उंबर ही पाखरांनी पेरलेली झाडं. हरियल, तांबट, बुलबुल, साळुंकी फळं खातात आणि बी कुठल्या तरी खडकाच्या भेगेत नाहीतर दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात टाकतात. म्हणजे पाखराच्या विष्ठेतून झाड, झाडातून चीक, चिकातून पाखराचं मरण. हरियल तर आपल्या राज्याचा पक्षी, आणि त्याचा मुक्काम फळलेल्या उंबरावर. बांडगुळाचं तर याहून पुढचं. त्याच्या बीभोवती इतका चिकट गर असतो की फुलटोच्याला ते बी फांदीवर पुसावंच लागतं, आणि पुसलं तिथं नवं बांडगूळ रुजतं. युरोपात पाखरं धरायचा चीक बांडगुळाच्याच फळांपासून करत. लॅटिन भाषेत बांडगुळाला आणि त्या चिकाला एकच शब्द आहे, विस्कम. पाखरू आपलं मरण आपणच टाकून जातं, अशा अर्थाची म्हणही त्या लोकांत होती. डवऱ्याकाठी बसून मी हा हिशेब एका म्हाताऱ्या कातकऱ्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मंग गुरुजी, माणूसबी तेच करतो का नाय?" आणि बिडी पेटवायला लागला. तेवढ्यावरच तो थांबला, मीही.

तर प्रश्न असा, की हे पाप आहे का? पाप हा शब्द जड वाटत असेल तर चूक म्हणा. शाळेच्या पुस्तकात भूतदयेचा धडा असतो आणि गुरुजींना तो शिकवावा लागतो. समोरच्या बाकावर ज्याच्या दप्तरात बेचकी आहे, ज्याच्या बापाच्या झोपडीत वळचणीला चिकाच्या काड्या खोचलेल्या आहेत, असं पोरगं बसलेलं असतं. धडा मी शिकवला. मला तो खोटा वाटत नव्हता आणि आजही वाटत नाही. काडीला लटकलेला बुलबुल ज्यानं जवळून पाहिलाय तो हे काही निसर्गरम्य दृश्य आहे असं म्हणणार नाही. चोच उघडी, छाती धाडधाड, एक पंख उलटा. शहरातून येणारे काही जण ‘वनस्पतीजन्य’, ‘पर्यावरणपूरक’ असे शब्द वापरतात तेव्हा मला त्या बुलबुलाचा पाय आठवतो. चीक झाडाचा आहे की कारखान्यातला, याच्याशी त्या पायाला काही देणंघेणं नसतं.

पण शहरातून येणाऱ्यांचा दुसराही एक सूर असतो, आणि मला तो जास्त टोचतो. "बिचारे भुकेपोटी करतात हो." दया असते त्या वाक्यात, खोट नसते. एकदा एक पाहुणे असंच बोलले. तो म्हातारा ऐकत होता. ते गेल्यावर मला म्हणाला, "भूक लागली तं कंद हाय, चिंबोरी हाय, मासा हाय. पाखरात मांस किती, मुठीएवढं नाय. त्यानं भूक जाते का? चव लागते म्हनून धरायचा." मग जरा थांबून, "आनि गुरुजी, धरायला मजा बी येते. ती का सांगायची नाय?"

मला वाटतं या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. भूक हे कारण दिलं की आपण माफ करून मोकळे होतो. उपाशी माणसाला कोण जाब विचारणार? पण ज्याला जाब विचारायचाच नाही त्याला आपण विचार करणारा माणूसही मानत नाही. पावसानं झोपडी पाडली तर आपण पावसाला दोष देत नाही, तसंच काहीसं त्याचं करून टाकतो. तो म्हातारा मला सांगत होता की मी निवडतो. कडू कंद उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, त्याचा कडूपणा काढून खाणारा हा माणूस. जंगलातलं काय खायचं, कधी, किती, हे त्याच्याइतकं कुणी ठरवत नसेल. मग पाखराच्या बाबतीतच तो निव्वळ पोट कसा झाला?

आणि त्याचे नियम होतेच. त्याच्या घरचे म्हणून सांगतो, सगळ्या जमातीचे म्हणून नाही. दोनचार पाखरं झाली की काड्या काढून घ्यायच्या. काड्या लावून दुसरीकडे जायचं नाही, जवळ बसून राहायचं. फार लहान पाखरू, शिंजीर नाहीतर फुलटोच्या अडकला, तर तेलाचं बोट नि राख लावून त्याचे पाय सोडवायचे. मिरगाचा पाऊस पडला की धरणं बंद, कारण मग पाखरांची पिल्लं असतात.

या नियमांचं कौतुक करून थांबणं सोपं आहे. मी तिथे थांबत नाही, कारण मी त्याच डवऱ्यावर बसलेलो आहे. सोडवलेल्या लहान पाखराची दोनचार पिसं काडीवरच राहतात, आणि ते उडून गेलं तरी पुढे जगलं का ते कुणी पाहिलेलं नसतं. पिल्लांचं म्हणाल तर बुलबुल नि होले चैत्र-वैशाखातही घरटी करतात, म्हणजे काड्या लावायच्या ऐन दिवसांत. आणि मिरगानंतर रानात जागोजाग पाणी होतं, पाखरू डवऱ्यावर येतच नाही. नियम आणि सोय एकाच दिवशी सुरू होत. हे मी त्याला बोलून दाखवलं तर तो हसला. पण असं पाहा, आपला श्रावण कुठे वेगळा आहे? पावसाळ्यात मासोळीचा विणीचा काळ, समुद्रावर होड्या बंद, आणि नेमका तोच महिना आपण पवित्र मानून मांसमच्छी सोडतो. सोयीतून आलेला नियम म्हणून तो खोटा ठरत नाही. पुष्कळ नियम असेच आलेत. फक्त तो सगळी पाखरं वाचवतो असं म्हणू नये.

चिकाचा मोठा दोष हाच, की तो निवड करत नाही. बेचकीनं नेम धरताना समोर कोण आहे ते दिसतं. चिकाला होला काय, पोपट काय, सगळे सारखे. निवड करायची ती काड्यांजवळ बसलेल्या माणसानं. तो तिथून उठून गेला की मागे नुसता सापळा उरतो.

महाभारतातल्या वनपर्वात धर्मव्याधाची गोष्ट आहे. कीर्तनात ऐकलेली असेल. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण झाडाखाली बसलेला असताना वरून बगळीची विष्ठा अंगावर पडते, तो रागानं वर बघतो आणि ती मरून पडते. पुढे त्याला धर्म शिकायला मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे जावं लागतं. व्याध त्याला जे सांगतो त्यात एक गोष्ट शेतकऱ्याच्या पोरानं विसरू नये अशी आहे: नांगर चालतो तेव्हा जमिनीतले किती जीव मरतात? कथेत पाखरू मारलंय तपस्व्यानं, आणि धर्म सांगतोय खाटकाच्या दुकानातला माणूस. असं असूनही तो व्याध स्वतःला निर्दोष म्हणवत नाही. आपला धंदा घोर आहे हे तो मान्य करतो. मला ती गोष्ट म्हणूनच आवडते.

आमच्या घरी शेती. भाताच्या रोपासाठी आम्ही राब करायचो. ऐनाच्या फांद्या, पाला, गवत, शेण, वर मातीचा थर, आणि वैशाखाच्या आत पेटवून द्यायचं. साऱ्या ठाणे जिल्ह्याची ही रीत. फांद्या तोडायच्या त्या घरट्यांच्याच दिवसांत. तोडलेल्या ऐनावर होल्याचं घरटं होतं का, हे आमच्यात कुणी बघत नसे. राबाची काळजी मात्र सरकारदरबारी गेली. इंग्रजांच्या काळात जंगल खात्यानं फांद्यांवर बंधनं घातली तेव्हा शेतकरी ओरडले, आणि १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्यातल्या जंगलाच्या तक्रारींसाठी कमिशन नेमावं लागलं. शेतकऱ्याकडे जमीन होती, अर्ज लिहिणारा होता. कातकऱ्याचा कात गेला तेव्हा असं काही झालं नाही. ज्या खैराच्या कातावरून त्याला नाव मिळालं तो खैर राखीव झाला, आणि तो कोळशाच्या भट्टीवर गेला.

बंदुकीचंही बघा. मुंबईत मामांच्या घरी वाढणाऱ्या एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सेक्रेटरी मिलर्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे त्यांनी आत्मचरित्राला नावही त्या पडलेल्या चिमणीचंच दिलं. मला सालिम अलींबद्दल आदर आहे, त्यांच्या पुस्तकानं मी वर्गातल्या पोरांना पाखरं ओळखायला शिकवली. उलट पोरांनीच मला जास्त शिकवली, ते सोडा. सांगायचं हे की त्या बंदुकीच्या पुढे कपाट होतं, सोसायटी होती, कुणीतरी "ये, बस" म्हणणारं होतं. याच सोसायटीनं पुढे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे प्रवास अभ्यासले, तेव्हा पक्षी इजा न होता धरायला लागत. ते काम बिहारमधल्या मीरशिकार समाजातल्या अली हुसेन यांच्यासारख्या माणसांनी केलं. उत्तरेकडे चिकाला लासा म्हणतात, आणि लासा-जाळं हीच त्या समाजाची पिढीजात विद्या. भरतपूरला, पॉइंट कॅलिमीरला ज्या पक्ष्यांच्या नोंदी झाल्या त्यांच्यामागे हे हात आहेत. विद्या तीच. तिला कामाला बोलावलं की ती शास्त्र होते, नाही बोलावलं की गुन्हा.

गुन्हा तर ती आहेच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याच्या शिकारीही बंद झाल्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना पुष्कळ काही कागदावर दिलं: कसत असलेली जमीन, गौण वनोपज, गावाच्या जंगलाचं राखण, आणि परंपरेनं चालत आलेले इतर हक्क. या शेवटच्या वाक्याला एक शेपूट आहे, की यातून शिकारीचा आणि सापळ्यांचा पारंपरिक हक्क वगळला आहे. परंपरा मान्य, पण ही नाही.

हे वगळणं बरोबर आहे का? माझं उत्तर, हो. आणि ते देताना मला फ्रान्सचा दाखला आठवतो. तिथे आग्नेयेकडच्या पाच जिल्ह्यांत चिकाच्या काड्यांनी कस्तुर पक्षी धरायची जुनी चाल होती. धरलेला पक्षी पिंजऱ्यात ठेवायचा, त्याच्या गाण्यानं दुसरे आले की त्यांना बंदुकीनं टिपायचं. २०२१ च्या मार्चमध्ये युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की नुसती परंपरा हे पुरेसं कारण होत नाही, आणि नको असलेली जी पाखरं अडकतात त्यांची इजा धुऊनपुसून भरून येत नाही. त्याच जूनमध्ये फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायसंस्थेनं ते परवाने रद्द केले. निकाल वाचताना मला तेलाचं बोट लावणारा म्हातारा डोळ्यांपुढे आला. न्यायाधीशांनी जे म्हटलं ते त्याच्या काडीवर राहिलेल्या पिसांनाही लागू आहे. फरक पुढे आहे. तिथल्या शिकाऱ्याचा छंद गेला. आमच्याकडच्या माणसाच्या बाबतीत काय गेलं, हे लिहायला कायद्याच्या कागदात रकाना नाही.

आणि आपण कुठून बोलतो ते एकदा तपासावं. किराणा दुकानात उंदरासाठी चिकट पुठ्ठा मिळतो. रात्री फडताळाखाली सरकवायचा, सकाळी त्यावर उंदीर किंवा पाल, कधी चिमणीचं पिल्लूसुद्धा. जिवंत असतं. पुठ्ठा घडी घालून कचऱ्यात. चीक तोच, धडपड तीच. तो विकत घेणाऱ्याला कुणी क्रूर म्हणत नाही, कारण त्याला ते हातात धरावं लागत नाही. कातकऱ्याला धरावं लागतं. मान पिरगाळायची तीही त्यानं. मी हे त्याच्या बचावासाठी सांगत नाही. दोन्ही ठिकाणी जीव तसाच जातो. पण ज्यानं हातात धरून पाहिलं त्याला त्या जिवाबद्दल काही विचारता येतं, तो उत्तर देतो. पुठ्ठ्याच्या मालकाला प्रश्नच कळत नाही.

या सगळ्यात मला एक रेघ स्पष्ट दिसते, आणि ती कायद्यानं ओढलेली नाही. घरच्या तव्याला मर्यादा असते. पाच तोंडं, पाच पाखरं, पोरांची हौस फिटली की काड्या वळचणीला. पाखरं रस्त्यावर गिऱ्हाइकाला विकायला लागली की ती मर्यादा जाते. आमच्या भागातून महामार्ग गेला, लावे नि तित्तर मागणारे गाडीवाले आले. नायलॉनचं जाळं बाजारात स्वस्त मिळू लागलं. मग काड्यांजवळ बसून राहायचं कारण उरलं नाही. म्हाताऱ्याचा मुलगा काही दिवस तो धंदा करायचा. म्हाताऱ्याला ते आवडायचं नाही. "त्याला पाखराचा आकडा ठाव हाय, पाखरू नाय," असं तो म्हणायचा. मुलगाही गप्प बसणारा नव्हता. "तुमच्या काड्यांनी पोरांना वह्या आल्या का?" या प्रश्नावर बापाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पण दोघांत बरोबर कोण असं विचाराल तर मी म्हाताऱ्याच्या बाजूला बसेन. मारणं दोघांचंही होतं. त्यातल्या एकालाच कुठे थांबायचं ते ठाऊक होतं.

तानसा धरण १८९२ चं. मुंबईची तहान भागवायला आमच्या तालुक्यात पुढे वैतरणा आणि भातसाही अडवल्या, आणि तानसाभोवतीचं जंगल १९७० साली अभयारण्य झालं. २०१४ मध्ये तिथे रानपिंगळा दिसला. शंभरेक वर्षं हरवलेला धरून चाललेला हा पक्षी १९९७ ला नंदुरबारकडे पुन्हा सापडला होता, तो आमच्याकडेही निघाला. मला फार आनंद झाला. राखलेल्या जंगलाचा हा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात वाड्यांना टँकरनं पाणी द्यावं लागतं, हेही आहे.

चिकाच्या काड्या आता मला क्वचित दिसतात. कायद्यानं बंद झाल्या असं कुणी म्हणेल, माझ्या धड्यानं म्हणणारे भाबडेही भेटतील. खरं कारण महिन्यांचं आहे. चीक काढायचा, डवरा खणायचा मोसम फाल्गुन ते वैशाख. त्या महिन्यांत कातकरी वाडीवर नसतात. दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल घेतलेली असते आणि अख्खी कुटुंबं भिवंडी, कल्याण, पनवेलकडे गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वर्गात निम्मी बाकं रिकामी. पोरगं बापाबरोबर चिखल तुडवतं. त्याला विटांचा साचा कसा झाडायचा ते येतं, उंबराला कोयता कुठल्या अंगाला मारला की झाड दुखत नाही ते येत नाही.

म्हातारा वारला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्या वाडीच्या खालच्या ओहोळावर तो उंबर अजून आहे. खोडावर आडव्या खाचांचे जुने वण आहेत, भरून आलेले, बोट फिरवलं की लागतात. गेल्या चैत्रात मी तिथे गेलो होतो. फळं लगडली होती. हरियलांचा थवा बसला होता, पानांत ओळखू येत नव्हता, फळं खाली टपटपत होती म्हणून कळलं. डवरा कुणी खणलेला नव्हता. पाणी प्यायला ते कुठे जात असतील, ते मी बराच वेळ शोधत होतो.